बडोद्यात छोटी लक्झरी एसयूव्ही घेताय? आधी पाणी बघा, मग पॉलिश

मर्सिडीज जीएलए, बीएमडब्ल्यू एक्स१, ऑडी क्यू३ आणि सेकंडमध्ये व्होल्व्हो एक्ससी४०. "फार मोठी नको, पण चांगली हवी" असं म्हणणारं बडोद्यातलं घर शेवटी याच चार नावांपाशी येऊन थांबतं. आमच्या घरी एक नवी घेतली आणि नंतर धाकट्या भावासाठी एक जुनी शोधली. दोन्ही वेळा जी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली, ती इथे क्रमाने देतो. बरीचशी माहिती कुठल्याही शहरात लागू पडेल. पण पुराचा मुद्दा खास आपल्या गावाचा आहे आणि सर्वांत जास्त पैसे तिथेच बुडतात, म्हणून त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. शोरूमला जाण्याआधी स्वतःचा वापर लिहून काढा

रोजचं अंतर किती, महिन्यातून अहमदाबाद किंवा मुंबई किती वेळा, मागच्या सीटवर कोण बसणार आणि गाडी रात्री कुठे उभी राहणार, एवढं कागदावर मांडा.

अलकापुरी ते गोत्री एवढंच फिरणं असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वच्छ राहायला इंजिन सलग तापलेलं लागतं. चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि वर्कशॉपचं मोठं बिल येतं. दर आठवड्याला एक्सप्रेस-वेवर जाणं असेल, तर मात्र डिझेलसारखी गाडी नाही.

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवीकडे वाडा किंवा पोळ (दाट घरांची बंद गल्ली) असेल तर टेप घेऊन दिंडी (वाड्याचा दरवाजा) आणि गल्लीचं वळण मोजा. या गाड्यांची रुंदी आरसे सोडून साधारण १८३५ ते १८६५ मिमी असते, आरसे धरले की दोन मीटरच्या पुढे जाते. गाडीला 'कॉम्पॅक्ट' म्हणतात ते तिच्या मोठ्या भावंडांच्या तुलनेत, आपल्या गल्लीच्या तुलनेत नाही.

आई-वडिलांना डीलरकडे घेऊन जा आणि मागच्या सीटवर बसवून बघा. उतरताना गुडघ्यावर जोर येतो का, मांडीला आधार मिळतो का, हे ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं. मधल्या जागी पाचवा माणूस मुंबईपर्यंत आरामात बसेल अशी यातली एकही गाडी नाही.

इलेक्ट्रिक हवी असेल तर आधी स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायला सोसायटीची लेखी परवानगी घ्या, गाडीचं नंतर बघू. परवानगी मिळत नसेल तर तो विषय तिथेच संपवा.

२. नवी की जुनी: हिशेब आजच्या भावाने करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल-डिझेल गाड्यांवरचा सेस (जादा उपकर) गेला आणि सरसकट ४० टक्के जीएसटी आला. त्याआधी या वर्गातल्या गाड्यांवर इंजिनाप्रमाणे ४५ ते ५० टक्के बसत होता. नव्या गाड्यांचे भाव त्यामुळे उतरले, पण जुनी गाडी विकणाऱ्याच्या डोक्यात अजून त्याने २०२२ मध्ये मोजलेली रक्कम असते. तो म्हणेल, "साहेब, मला एवढ्याला पडली, मी निम्म्यात देतोय." त्याला किती पडली याच्याशी तुमचा संबंध नाही. तीच किंवा तिच्या जागी आलेली गाडी आज ऑन-रोड कितीला मिळते ते विचारा आणि तिथून खाली उतरा.

माझं मत स्पष्ट आहे. सात-आठ वर्षं गाडी ठेवणार असाल तर नवी घ्या. तीन-चार वर्षांनी बदलायची सवय असेल तर नवी घेणं म्हणजे दुसऱ्याचा घसारा (वर्षागणिक उतरणारी किंमत) स्वतः भरणं. अशांनी तीन-चार वर्षं वयाची, एकाच मालकाची, शक्यतो पेट्रोल गाडी बघावी.

ऑन-रोडचा हिशेब मांडताना या गोष्टी धरा:

- गुजरातमध्ये खासगी नावावरच्या गाडीला ६ टक्के रोड टॅक्स लागतो. फर्म किंवा कंपनीच्या नावावर दर दुप्पट होतो. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के लागतात, त्यामुळे पुण्याच्या नातेवाइकाची ऑन-रोड किंमत इथे लावू नका.
- धंद्याच्या नावावर घेतली तरी अशा गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. घसाऱ्याचा फायदा मिळतो. त्यातून काय उरतं ते सीएंना विचारा, सेल्समनला नाही.
- १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा कर) घेतो. तो आयकरात वळता होतो. पॅन नंबर बरोबर लिहिला आहे ना, एवढं बघा.
- जुनी गाडी व्यापाऱ्याकडून घेतली तर जीएसटी फक्त त्याच्या नफ्यावर, १८ टक्के दराने असतो. "पूर्ण किमतीवर १८ टक्के द्या" असं कुणी म्हणालं तर उठून या. खासगी मालकाकडून थेट घेतली तर जीएसटीच नाही.

३. वर्कशॉप किती लांब आहे ते बघा

गाडी निवडण्याआधी त्या कंपनीचं अधिकृत वर्कशॉप बडोद्यात आहे का, तिथे अपघाताचं काम होतं का की फक्त सर्व्हिस, आणि पार्ट अडला तर गाडी अहमदाबादला जाते का, हे तीन प्रश्न प्रत्यक्ष जाऊन विचारा. अहमदाबाद जवळ वाटतं, पण फ्लॅटबेडवरून गाडी पाठवायची आणि आठ दिवस रिक्षाने फिरायचं झालं की ते लांब होतं.

एक्ससी४० ची पेट्रोल आवृत्ती भारतात नव्याने विकणं बंद झालं आहे. गाडी उत्तम आहे, पण घेण्याआधी समोरच्या काचेचा आणि एका हेडलाइटचा भाव विचारून या. सर्व गाड्यांसाठी हीच युक्ती वापरा. काच, हेडलाइट, पुढच्या ब्रेकचे पॅड-डिस्क आणि चार टायर यांचे भाव वहीत मांडले की त्या गाडीचा पुढचा खर्च समजतो. काही गाड्यांत रन-फ्लॅट टायर (पंक्चर होऊनही काही अंतर चालणारे) असतात आणि स्टेपनी नसते. डिकीचा तळ उचलून बघा.

४. जुनी गाडी: पुरात बुडालेली तर नाही?

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. अकोटा, फतेगंज, सयाजीगंज, समा, कारेलीबाग इथल्या बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. लिलावातून ती कुणीही घेतो, धुतो, वाळवतो, सीटकव्हर चढवतो आणि विकायला काढतो. चेन्नईत डिसेंबर २०२३ मध्ये बुडालेल्या गाड्यांनाही हाच रस्ता मोकळा होता. म्हणून "गाडी बडोद्याची नाही, तेव्हा पुराची भीती नाही" असं समजू नका.

लक्झरी गाडीत हा धोका दुप्पट असतो. हिची वायरिंग आणि कंट्रोल युनिटं सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या कोपऱ्यात असतात. पाणी सीटपर्यंत आलं तरी इंजिन वाचतं आणि गाडी झकास चालते. दीड वर्षाने कनेक्टर हिरवे पडतात आणि एकेक दिवा पेटायला लागतो.

तपासणी अशी करा. गाडी दुपारच्या उजेडात बघा आणि ती आधीच धुऊन ठेवू नका असं विक्रेत्याला सांगा.

पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात येतो तो वरचा भाग सगळेच पुसतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. भावासाठी बघितलेल्या एका पांढऱ्या गाडीत त्या हातभर पट्ट्यावर मातकट रंगाची आडवी रेघ होती, चहाच्या डागासारखी कड असलेली. खाली पट्टा करडा आणि वर काळा. किलोमीटर कमी, पेंट आरशासारखा, दोन्ही चाव्या हजर, सर्व काही होतं. आम्ही तिथून निघालो.

मग ड्रायव्हरची सीट पुढे-मागे सरकवा आणि तिचे रूळ व बोल्ट टॉर्चने बघा. गंज हवेतल्या ओलाव्यानेही येतो, पण तो वरवरचा असतो. पाण्यात राहिलेल्या बोल्टला खवले सुटतात. दाराच्या रबराखालून कार्पेटची कड उचला, बोटाने दाबा, वास घ्या. अत्तराचा वास फार येत असेल तर जास्त सावध व्हा. डिकीतली स्टेपनीची खाच, फ्यूज बॉक्सचं झाकण, हेडलाइटच्या आतला धुरकटपणा, एसीच्या झडपांतून येणारा कुबट वास, सगळं बघा. चारपैकी एकच हेडलाइट किंवा टेललाइट नवी असेल तर तो अपघात. सगळ्याच नव्या असतील तर पाणी.

यानंतर कागदाचा पुरावा. तोच सर्वांत खात्रीचा. विक्रेत्याकडे २०२३ पासूनच्या सगळ्या विमा पॉलिसी मागा आणि नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा) टक्का बघा. तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. ऑगस्ट २०२४ आधी ३५ आणि त्यानंतरच्या पॉलिसीत शून्य दिसला आणि मधे मालक बदललेला नसेल, तर बहुधा क्लेम झाला आहे. कशाचा, ते विचारा आणि क्लेमचे कागद मागा. काही जणांनी पॉलिसीसोबत बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असतं, तेव्हा आकडा तसाच राहतो. म्हणून आरसीवर मालकी कधी बदलली तेही ताडून बघा. २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास एकदम मालक बदललेला असेल तर चौकशी वाढवा. पॉलिसी "सापडत नाहीत" म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

५. स्कॅन आणि टेस्ट ड्राइव्ह

गाडी पुराच्या तपासणीत पास झाली तर ती स्कॅनसाठी (संगणकावरच्या तपासणीसाठी) त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला न्या. तपासणीचे पैसे तुम्ही भरा, म्हणजे रिपोर्ट तुमच्या हातात येतो. चासी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास, किलोमीटरच्या नोंदी आणि झालेली मोठी कामं निघतात. किलोमीटर मागे फिरवलेत का, हे इथेच कळतं. विक्रेता वर्कशॉपला यायला तयार नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करा. एका फेरीत तीन प्रकारचे रस्ते घ्या.

- गर्दी: न्यायमंदिर ते मांडवी. यांतल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असतो. रांगत्या वेगात धक्के, थरथर, किंवा ब्रेक सोडल्यावर गाडीने विचार करून पुढे जाणं, हे क्लच थकल्याचं लक्षण आहे. हा खर्च लाखांत जातो.
- सरळ वेग: गेंडा सर्कल ते मनीषा चोकडीचा अटल ब्रिज आणि जमलं तर एक्सप्रेस-वेचा एक टप्पा. स्टिअरिंग सैल धरून गाडी एका बाजूला ओढते का ते बघा. रेडिओ बंद ठेवा.
- चढ: वेळ असेल तर पावागढला माचीपर्यंत जा. उतरताना ब्रेकची थरथर आणि चढताना गिअरबॉक्स, दोन्ही उघडे पडतात.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने बाकीच्या खर्चातही हात आखडला असणार. पेट्रोल गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर तिला किती इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालतं, ते इंधनाच्या झाकणावर वाचा.

कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजना आहेत: मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस, व्होल्व्हो सिलेक्ट. बाहेरच्या भावापेक्षा जास्त पडतात, पण वॉरंटी मिळते. ओळखीचा जाणकार मेकॅनिक नसेल तर मी हाच रस्ता सुचवीन. मात्र विम्याचे कागद तिथेही मागा.

६. जुन्या गाडीचे कागद

टोकन देण्याआधी हे सगळं समोर हवं:

- आरसी बुक, मालकाचं आधार आणि पॅन. गाडी विकणारा आणि आरसीवरचा माणूस वेगळा असेल तर मूळ मालकाशी स्वतः बोला.
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३० (मालकी बदलाचे), तुमचं नाव भरलेले. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवू नका आणि देऊही नका.
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा). "हप्ते संपलेत" हे तोंडी चालत नाही, आरसीवरून बँकेचं नाव निघायला हवं.
- चालू विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या, सर्व्हिसची बिलं.
- बाकी ई-मेमोची (वाहतूक दंडाच्या चलनांची) ऑनलाइन यादी. मेमो कुणी भरायचे ते व्यवहाराच्या कागदावर लिहा.
- ताबा दिल्याची पावती, तारीख आणि वेळ लिहून. त्या क्षणानंतरचा मेमो किंवा अपघात कुणाचा, हे तिथून ठरतं.

पैसे बँकेतून द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. "थोडे रोख, थोडे चेक" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

गाडी गुजरातमधलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. अर्ज परिवाहनच्या पोर्टलवर भरला जातो. आपलं आरटीओ दरजीपुऱ्याला, गोल्डन चोकडीच्या पुढे आहे.

७. पुण्या-मुंबईची गाडी आणायची असेल तर

आपल्याकडे हे हमखास होतं. मावसभाऊ पुण्याहून फोन करतो, "माझी घेऊन जा, घरातली गाडी आहे." घरातली असली तरी कागद तेवढेच लागतात: तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), इथे नवा नंबर घेण्यासाठी फॉर्म २७, शिवाय २९ आणि ३०. दुसऱ्या राज्याचा नंबर बारा महिन्यांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि गुजरातचा टॅक्स गाडीच्या वयानुसार पुन्हा भरावा लागतो. ही रक्कम आणि एजंटची फी धरूनच भाव ठरवा. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका, भाऊ असला तरी. नात्यात नंतर कटकट नको, म्हणूनच आधी कागद.

दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आणली गेली. घ्यायची तर वयाचा विचार करून घ्या.

८. नवी गाडी: पासिंगच्या आधी बघा

दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. मुहूर्तावर शोरूममध्ये हार, पेढे, फोटो आणि गडबड असते. म्हणून गाडीची तपासणी मुहूर्ताच्या चार दिवस आधी, डीलरच्या यार्डात आणि पासिंग (आरटीओ नोंदणी) होण्याआधी करा. एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की दोष असलेली गाडी परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

चासी नंबर बिलाशी जुळवा. उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. जानेवारीत डिसेंबरची गाडी मिळत असेल तर सवलत मागा, कारण विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. पेंट उन्हात तिरक्या नजरेने बघा, एका दाराची छटा वेगळी असेल तर यार्डात काम झालं आहे. कॅमेरे, सीटच्या मोटारी, छत, सगळी बटणं दाबा. किलोमीटर लिहून घ्या.

बिलात 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक' अशा नावांनी काही जोडलं असेल तर ते काढायला सांगा. सिरॅमिक कोटिंगसाठी हो म्हणायची घाई नको. सर्व्हिस पॅकेज मात्र डिलिव्हरीच्या आधी घासाघीस करून घ्या, नंतर त्यात काही सुटत नाही.

९. विमा

शोरूमचा विमा घेणं बंधनकारक नाही. त्याच अटींचं बाहेरचं कोटेशन आणा, बहुतेक वेळा शोरूम खाली येतं.

बडोद्यात इंजिन प्रोटेक्शनच्या जादा कव्हरशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. साध्या पॉलिसीत पाणी आत जाऊन इंजिन फुटलं तर ते भरून मिळत नाही. सोबत झिरो डेप्रिसिएशन (पार्टचा घसारा न कापणारं) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम देणारं) घ्या. आणि ही गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा: अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या रस्त्यात) किंवा कुठेही पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करायची नाही. बाहेर या आणि टोइंगला फोन करा. दुसऱ्यांदा दाबलेलं बटण इंजिन घालवतं आणि क्लेमही.

नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते नव्या गाडीला तीन वर्षांपर्यंत चालतं. सेकंडमध्ये घेतलेल्या गाडीचा विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. नाहीतर गाडीला काही झाल्यावर विमा कंपनी आरसी आणि पॉलिसीवरची नावं समोर ठेवून हात वर करते.

१०. ताबा घेतल्यावर पहिल्या पंधरवड्यात

जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि तुमचा नवा लावा. गाडीच्या मोबाइल ॲपमधून त्याचं खातं काढून टाका, नाहीतर गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील आणि काही मॉडेलमध्ये कुलूपही उघडेल. सिस्टिम फॅक्टरी रीसेट करा. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल आणि फिल्टर रेकॉर्डमध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी बदला. बॅटरी तपासून घ्या, ती बदलावी लागली तर वर्कशॉपमध्ये गाडीच्या सिस्टिमला नोंदवावी लागू शकते, कोपऱ्यावरच्या दुकानात नुसती बसवून चालेलच असं नाही. आणि पावसाळ्याआधी बेसमेंटमधून वर, उंच जागी गाडी लावायला कोण जागा देईल, ते शेजारीपाजारी आत्ताच बोलून ठेवा.